चार इंचांची उडी

उडीमास्तरांच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा तरी एकच शब्द यायचा. "छ्या!"

पहिला सकाळी, हॉलचं कुलूप उघडताना, आत रात्रभर कोंडलेल्या मोज्यांच्या वासाला. दुसरा भिंतीला खेटून ठेवलेल्या परीक्षेच्या बाकांना, कारण कॉलेज एवढंसं, हॉल एकच, आणि वर्षातले दोन महिने तिथे बास्केटबॉलऐवजी पेपर चालायचे. तिसरा प्राचार्यांच्या गुळगुळीत बुटांना. त्यानंतरचे सगळे पोरांसाठी राखून ठेवलेले. चहा पाणचट, पेपरातले खेळाडू पाणचट, हल्लीची पोरं तर त्याहून. माणसाला एखाद्या गोष्टीची किळस येते. मास्तरांना अख्ख्या जमान्याची आली होती, आणि ती त्यांना शोभते असं त्यांचं मत होतं.

मास्तर याच कॉलेजचे जुने खेळाडू. बाविसाव्या वर्षी ते उडी मारायचे तेव्हा मधल्या बोटाची दोन पेरं रिंगच्या वर निघायची. मोजून दोन. कमी नाही, जास्त नाही. त्या दोन पेरांवर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. त्यावर नाव पडलं, नोकरी मिळाली, आणि ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी एक मुलगी "हा उंच कोण?" असं विचारण्याइतपत वळून बघू लागली. तीच पुढे बायको झाली. राज्याच्या संघात निवड झाली होती हे मास्तर दर पाहुण्याला सांगत. तिथे सतरा सामने बाकावर बसून काढले हे मात्र कॉलेजचा हेडक्लार्क सांगायचा, पाहुणा दाराबाहेर पडायच्या आत.

मास्तर चव्वेचाळीस वर्षांचे असताना हॉलला लाकडी जमीन आली. जुन्या फरशीवर आडवे वासे, वाशांवर फळ्या, वर पॉलिश. काम संपल्यावर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "सर, रिंग भिंतीवर आहेत. एकदा टेप लावून उंची बघून घेऊ, मग सही करा."

"टेप कशाला? मी आहे ना," मास्तर म्हणाले.

त्यांनी बूट घट्ट बांधले, चार पावलं धावले आणि उडी मारली. बरोबर दोन पेरं वर. खाली आले तेव्हा चेहरा असा की कुणीतरी हार घालावा.

"बाविसाव्या वर्षी दोन, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पण दोन! आण कागद."

सही झाली. त्या आठवड्यात कॉलेजात असा माणूस उरला नाही ज्याने ती दोन पेरं ऐकली नाहीत. शिपायाने तर तीनदा ऐकली. हेडक्लार्क म्हणाला, "सर, तुमचं शरीर म्हणजे लोखंड." यावर मास्तर चक्क लाजले. टोमणा त्यांना कळत नसे असं नाही. पण स्तुतीच्या कपड्यात आला की ते त्याला बसायला खुर्ची द्यायचे.

आणि तिथपासून एक नवलच सुरू झालं. त्यांचा संघ घरी हरेना. कुणीही येऊ दे, मोठ्या कॉलेजांचे सहा सहा फुटी गडी येऊ देत, या हॉलमध्ये त्यांचे चेंडू रिंगच्या पलीकडच्या कडेवर आपटून उडायचे. मास्तर बाजूला उभं राहून म्हणायचे, "माज! अंगात माज आहे, म्हणून चेंडू लांब जातो." पण हाच संघ बाहेर गेला की हरायचा. चेंडू रिंगच्या अलीकडच्या कडेला लागून तोंडावर परत. मास्तर म्हणायचे, "भित्रे! काळीज नाही, म्हणून चेंडू आखूड पडतो."

लांब पडला तर माज, आखूड पडला तर भीती. या दोन वाक्यांवर त्यांनी चौदा वर्षं शिकवलं. घरी सलग एकसष्ट विजय, बाहेर सगळे मिळून चार. आणि बाहेरच्या भित्रेपणावर त्यांचा इलाज एकच: फ्री थ्रो. समोर कुणी अडवायला नाही, रेषेवर उभं राहायचं आणि शांतपणे चेंडू टाकायचा. घरच्या हॉलमध्ये, रोज पाचशे. जो बाहेर जास्त आखूड, त्याला सातशे.

सातशेवाल्यांत सगळ्यात पुढे होता त्यांचा स्वतःचा मुलगा. पोरगा बापापेक्षा दोन बोटं उंच, बोलायला अर्धाच. हातात मात्र जादू. घरच्या हॉलमध्ये डोळे मिटून टाकायचा. हरलेली पोरं म्हणायची, लंबूने चेंडू हातात घेतला की आम्ही आपले पाणी प्यायला जातो.

नऊ वर्षांपूर्वी संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. सामना बाहेर. शेवटचे काही सेकंद, एका गुणाने मागे, आणि लंबूला दोन फ्री थ्रो. पहिला अलीकडच्या कडेला लागून परत आला. दुसराही तसाच.

येताना बसमध्ये मास्तर उठले, वरचा दांडा धरला आणि सगळ्या संघाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या हातांत काही खोट नाही. तुम्ही भित्रे आहात. आणि तुमच्यातला सगळ्यात भित्रा माझ्या घरात जेवतो."

लंबूने बूट काढले, चेंडूंच्या पिशवीत टाकले आणि अनवाणी घरी आला. त्यानंतर त्याने ना हॉलमध्ये पाऊल ठेवलं, ना बापाशी शब्द काढला. तीन खोल्यांचं घर, जेवायचं टेबल एकच, आणि दोघांच्या मध्ये आई टपाल खात्यासारखी. "त्यांना सांग, गोळ्या संपल्यात." "त्याला सांग, माहीत आहे मला." लंबूने पुढे औषधाच्या दुकानात नोकरी धरली आणि बापाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता आणल्या. पुडी टेबलावर ठेवायचा. हातात कधी दिली नाही.

मास्तर सगळ्यांना सांगायचे, "छ्या! मला काही वाटत नाही." पण बाहेर गावोगावच्या हॉलमध्ये संघ घेऊन गेले की सामना सुटल्यावर ते प्रेक्षकांच्या बाकांकडे एकदा तरी मान वळवायचे. आला असेल का बघायला? ते हेडक्लार्कने हेरलं होतं, आणि त्याने हेरलं म्हणजे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं.

आता मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे झाले. निवृत्ती आली. प्राचार्यांनी ठरवलं की हॉलला मास्तरांचं नाव द्यायचं. शनिवारी समारंभ, आधी एक सामना. समोरचा संघ मुद्दाम दुबळा निवडला होता, म्हणजे बासष्टावा विजय आणि नाव एकाच दिवशी. पाटी तयार होती: मोठ्या अक्षरांत मास्तरांचं नाव, खाली "घरच्या मैदानावर सलग ६१ विजय", आणि शेवटच्या एकाच्या जागी लावायच्या दोनाच्या आकड्यासाठी प्राचार्यांनी रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

बुधवारी सुतारमिस्त्री पाटी लावायला आला. पाटी रिंगच्या वर, बरोबर मध्ये हवी. त्याने शिडी लावली, टेप सोडली.

"रिंग नऊ फूट आठ इंचावर आहे सर. पाटी त्याच्यावर किती घेऊ?"

"दहा फूट."

"पाटी?"

"रिंग! रिंग दहा फुटांवर असते. जगभर दहाच असते. टेप नीट धर."

"धरलीय की. नऊ आठ."

"दुसरी बघ."

मिस्त्री शिडी खांद्यावर टाकून पलीकडे गेला. मास्तर मागोमाग. खालचं टोक या वेळी त्यांनी स्वतः बुटाखाली दाबलं.

"नऊ आठ," मिस्त्री वरून म्हणाला. मग खाली उतरून दाराकडे गेला, वाकला आणि जमिनीच्या कडेला टेप लावली. तिथे जुनी फरशी संपून लाकडी जमीन सुरू व्हायची, आणि मध्ये एक पायरी होती. चौदा वर्षं येणारा प्रत्येक नवा पोरगा त्या पायरीला अडखळायचा आणि मास्तर आतून ओरडायचे, "पाय उचला!"

"चार इंच," मिस्त्री म्हणाला. "जमीन चार इंच वर आली, रिंग तिथेच राहिली. कुणी बघितलं नाही का हो तेव्हा?"

मास्तर त्या पायरीवरच बसले. सातशे गुणिले तीनशे दिवस गुणिले तीन वर्षं. पोराने चार इंच खालच्या रिंगवर हात इतका पक्का बसवला होता की खऱ्या रिंगवर चेंडू दुसरीकडे कुठे जाणं शक्यच नव्हतं. जितका घाम जास्त, तितका चेंडू नेमका आखूड. आळशी पोरांचे निदान अधूनमधून चुकून आत तरी जायचे.

"पण मी उडी मारली होती," ते मिस्त्रीला म्हणाले. "दोन पेरं वर आली होती."

मिस्त्रीला यातलं काहीच कळलं नाही. त्याने विचारलं, "मग पाटी लावू की नको?"

घरी बायको ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसली होती. मास्तरांनी बूट न काढताच सगळं सांगितलं आणि शेवटी तेच म्हणाले, "पण दोन पेरं कशी आली?"

तिने कात्री खाली ठेवली. "अहो, जमीन चार इंच वर आली आणि तुमची उडी चार इंच खाली आली. जमलं की बरोबर."

"माझी उडी? चव्वेचाळिसाव्या वर्षी?"

"त्याच वर्षी माळ्यावरचा डबा काढायला तुम्ही स्टूल घ्यायला लागलात. आधी नुसती उडी मारून काढायचात आणि झाकण माझ्या डोक्यात पाडायचात."

"तू बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तुम्ही त्या उडीने जगाची मोजमापं घेताय! मला वाटलं नुसतीच फुशारकी आहे. आणि झाकण पडायचं थांबलं, मी कशाला बोलू?"

मास्तरांनी "छ्या!" म्हणायला तोंड उघडलं, पण कुणाला म्हणायचं ते ठरेना. स्टूल तिथेच कोपऱ्यात होतं. पायांना रबर लावलेलं, त्यांनीच आणलेलं.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, बुटाचं टोक रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "सर, चार इंचाने काय होतं?"

"तेच मी चौदा वर्षं पोरांना विचारत होतो."

"हे बघा, पाहुणे बोलावलेत. शनिवार होऊ द्या. सोमवारी रिंग वर घ्या, खाली घ्या, नाहीतर घरी न्या. कुणाला कळणारे?"

मास्तर मनात चिडले, ते प्राचार्यांवर नाही. "कुणाला कळणारे" हे शब्द ऐकून क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं, त्यावर. गप्प बसलं की झालं. नाव भिंतीवर जाणार, एकसष्टाचे बासष्ट होणार. आणि भित्रा कोण, तर तो औषधाच्या दुकानातला. अंगावरून झुरळ गेल्यासारखे ते ताडकन उठले.

तिथून ते थेट दुकानात गेले. घरी बोलायची सोय नव्हती, कारण घरी आई होती आणि मग सगळं आईतर्फेच झालं असतं. काउंटरला रांग होती. मास्तर रांगेत उभे राहिले. नंबर आला.

लंबूने मान वर न करता विचारलं, "काय हवंय?"

"रिंग चार इंच खाली होती," मास्तर म्हणाले. "जमीन झाली तेव्हापासून. चूक माझी. तुझा हात बरोबर होता."

लंबूचा हात गोळ्यांच्या पट्टीवर थांबला. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं झालं असेल तर सरका की."

"ऐकलंस का?" मास्तर म्हणाले.

"ऐकलं." नऊ वर्षांनी बापाला उद्देशून आलेला हा पहिला शब्द. मग लंबूने वर बघितलं. "ते शब्द रिंगने नव्हते काढले, बाबा. बसमध्ये उभं राहून तुम्ही काढले होते. सगळ्यांसमोर. आणि आज इथे येऊन हळूच सांगताय, खोकल्याचं औषध मागितल्यासारखं." तो बाईंकडे वळला. "हां, काकू, बोला."

मास्तर सरकले.

शुक्रवारी त्यांनी मिस्त्रीला बोलावून दोन्ही रिंग वर घेतल्या. टेप लावून, तीनदा. भिंतीला नवी भोकं पडली, जुनी तशीच उघडी राहिली. प्राचार्यांना कळलं तेव्हा ते हॉलच्या दारात येऊन उभे राहिले आणि घाईत वळताना पायरीला अडखळले. "पाय उचला," मास्तर सवयीने म्हणाले.

शनिवारी त्यांच्या पोरांचे चेंडू सामनाभर अलीकडच्या कडेवर आपटत राहिले. दुबळ्या संघाला घरी खेळल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या एका बुटक्या पोराने लांबून लागोपाठ चार टाकले आणि स्वतःच घाबरून इकडेतिकडे बघितलं. मास्तरांची पोरं बाजूला बघायची, आता "भित्रे" येणार म्हणून. ते येईना. त्यामुळे ती आणखीच घाबरली. अकरा गुणांनी हार.

पाटी भिंतीला टेकवून कापडाखाली झाकून ठेवली होती. प्राचार्यांनी हसरा चेहरा ओढूनताणून आणला, चार गोड शब्द बोलले आणि माईक मास्तरांकडे दिला. देताना पुटपुटले, "थोडक्यात हं, सर."

मास्तरांनी बाकांकडे एकदा मान वळवली. बायको पुढच्या रांगेत होती. शेजारची खुर्ची तिने पर्स ठेवून अडवली होती, आणि ती रिकामी होती.

"आज आम्ही हरलो ते पोरांमुळे नाही," ते म्हणाले. "रिंग चौदा वर्षं चार इंच खाली होती. काल वर घेतली. म्हणजे ते एकसष्ट विजय धरू नका." हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. हेडक्लार्क तर खुर्चीतून अर्धा उठला होता, एवढं खाद्य त्याला वर्षभरात मिळालं नव्हतं. "रिंग बरोबर आहे म्हणून सही माझी. टेप न लावता केली. कशावरून केली, ते दाखवतो."

त्यांनी माईक प्राचार्यांच्या हातात दिला, कोट काढला आणि रिंगच्या दिशेने धावू लागले.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट, समारंभाची पँट. चार पावलं. मग त्यांनी उडी मारली, म्हणजे मारली असं त्यांना वाटलं. पाय जमिनीवरून सुटले एवढं खरं. वर गेलेला हात रिंग राहू द्या, खाली लोंबणाऱ्या जाळीच्या शेवटच्या गाठीलाही लागला नाही. हवेत नुसतीच पाच बोटं उघडली, आणि मास्तर एका गुडघ्यावर धप्पकन खाली आले. पँट शिवणीत उसवली. कुणाला हसायचं धाडस होईना.

तेवढ्यात दारातून हसू फुटलं. मोठं, खोकल्यासारखं, न आवरणारं. लंबू दुकानातला पांढरा कोट घालून दारात उभा होता आणि चौकट धरून हसत होता. मग सगळा हॉल हसला. हेडक्लार्कने डोळे पुसले. प्राचार्यांच्या हातातला माईक सुरूच होता, त्यामुळे त्यांचा सुस्काराही सगळ्यांना ऐकू गेला.

मास्तर तसेच गुडघा धरून बसले होते. वर बघून ते म्हणाले, माईकशिवाय, पण बसमधल्यासारख्याच खणखणीत आवाजात, "हीच ती उडी. हिच्यावर विश्वास ठेवून मी माझ्या पोराला तुमच्यासारख्याच पोरांसमोर भित्रा म्हणालो. तो नव्हता. मोजायला घाबरलो तो मी."

लंबू आत आला. पायरीशी त्याचा पाय आपोआप उचलला गेला. नऊ वर्षं झाली होती, पण पायाला आठवत होतं. तो बापाजवळ उकिडवा बसला, त्याने पँटचा पाय वर सारला आणि सुजत चाललेला गुडघा अंगठ्याने दाबून बघितला.

"आई गं!" मास्तर ओरडले.

"छ्या!" लंबू म्हणाला. "ही काय उडी झाली, बाबा? किळस आली बघून."

त्याने खिशातून मलमाची ट्यूब काढली. येतानाच आणली होती, बहुतेक बापाला पुरता ओळखून होता. टोपण उघडलं आणि ट्यूब जमिनीवर ठेवली नाही, त्यांच्या हातात दिली.

पाटी कापडाखालीच राहिली. रंगाऱ्याने दोनाचा आकडा लाकडात कापून, रंगवून आणला होता, तो हेडक्लार्कने पुढे कितीतरी दिवस पेपरवेट म्हणून वापरला.